हयात हाय का?

दिंद्रुडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर पोतं अंथरून बन्सी ओव्हाळ तीस वर्षं भांड्यांवर नावं टाकत आला. मशीनवाले आले, गल्लोगल्ली घरघर सुरू झाली, तरी हा गडी आपला छन्नी-हातोडी घेऊन टकटक करत बसलेला. ताट पुढं आलं की पहिला सवाल ठरलेला, "हयात हाय का?" जित्या माणसाला 'सप्रेम भेट', गेलेल्याला 'स्मरणार्थ', विचारल्याशिवाय टाकणार कसं? ऐकणारा दचकायचा. बन्सीला त्याचं काही नसायचं.

मार्चमध्ये त्याची बायको केशरबाई गेली. पुण्यानुमोदनाला वाटायच्या एकावन्न ताटांवर तिचं नाव टाकायचं, तर बन्सीचा हातच उठेना. शेवटी मुलानं, जीवननं, पन्नास ताटं मशीनवर करून आणली आणि एक कोरं ठेवलं.

"बाबा, एक तरी तुमच्या हातचं पायजे."

आठ महिने ते ताट फळीवर पडून होतं. बन्सी वेळेवर जेवायचा, वेळेवर बाजारात बसायचा. रडला मात्र नाही. बायका म्हणाल्या, दगड आहे नुसता. त्यालाही ते पटलं होतं.

नोव्हेंबरात बीडच्या एका कॉलेजात देशोदेशीच्या सुलेखनाचं प्रदर्शन लागलं. भांड्यांवरची अक्षरं म्हणून बन्सीलाही बोलावणं आलं. चिनी कुंचले, अरबी बोरू, भिंतभर लोंबणारे कागद. लोक वाहवा करत हिंडत होते. बन्सीला कशाचंच काही वाटेना. लोकांपुढं तरी हात चालेल म्हणून जीवननं हट्टानं ते कोरं ताट सोबत दिलं होतं. दुपार झाली, ताट तसंच होतं.

शेजारच्या टेबलावर इराणचे एक म्हातारे उस्ताद लोकांना नावं लिहून देत होते. त्यांनी एक वाटी पुढं केली. त्यांच्या बायकोचं नाव टाकून हवंय, असं दुभाषी म्हणून बसवलेल्या राजश्रीनं सांगितलं.

"हयात हाय का?" बन्सीनं सवयीनं विचारलं.

राजश्री चपापली. पण उस्तादांना शब्द आपला आपणच कळला, तो त्यांच्याकडचाच. ते हसले, हयात आहे म्हणाले, रोज भांडते म्हणाले. बन्सीनं वाटीवर नाव टाकून दिलं. उस्तादांनी कोरा कागद ओढला. राजश्रीकरवी विचारलं, तुमच्यासाठी कुणाचं नाव लिहू?

"केशर."

उस्तादांनी बोरू शाईत बुडवला आणि अगदी बन्सीच्याच सुरात विचारलं, "हयात?"

तीस वर्षांत हा सवाल बन्सीला कुणी केला नव्हता. त्यानं कोरं ताट पुढं ओढलं.

"न्हाई," तो म्हणाला. "गेली ती."

उस्तादांनी बोरू खाली ठेवला. बन्सीनं ताट मांडीवर घेतलं, छन्नी टेकवली आणि आपल्या बौद्ध वस्तीतल्या प्रत्येक गेलेल्या माणसासाठी टाकायचा तोच पहिला शब्द टाकला, 'कालकथित'. मग तिचं नाव सुरू केलं. दुसऱ्या अक्षराला डोळे भरून आले, पुढचं काही दिसेना. हात मात्र थांबला नाही.