बाभळीखालची नाव

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला जमत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी कोणाच्या हाती पडलंच तर माफ करावं.

आमची शिडाची नाव मोर्शीकडच्या धरणावर होती. सासऱ्यांच्या वेळची, सागाची. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ती काठावर ओढून आमच्या दारापुढच्या बाभळीखाली दगडांवर पालथी घालायची. खताच्या पोत्यांचं शिवलेलं शीड धुऊन घरात आढ्याला टांगायचं, नाहीतर उंदीर कुरतडतात. नावेवर ओली पोती टाकून रोज पाणी मारायचं. आमच्याकडच्या उन्हात फळ्या आकसतात, फटी पडतात. पाणी मारणं माझ्याकडे होतं.

त्या वर्षी चैत्रात यांना लकवा मारला. भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, मासेमारी सोडून अकोल्याजवळ शेती करतात. त्यांनी यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, सगळा खर्च केला. उन्हाळाभर मी तिथेच होते. परत आलो तेव्हा नावेच्या फटींतून पलीकडचं दिसत होतं. यांची वाचा गेली होती, उजवा हात गेला होता. शेजारी अर्ध्या वाट्याने नाव चालवायला तयार झाला. ती तरंगली तरच चूल पेटणार होती, भासऱ्यांचे पैसेही त्यातूनच फिटणार होते.

फटी बुजवायला भासरे स्वतः आले, घरच्या नव्या कापसाचं गाठोडं घेऊन. हे नेहमी जुन्या गोधडीतला कापूस वळून सैल बसवत आणि वरून डांबर लावत. लाकूड पाण्यात फुगतं, त्याला जागा लागते. भासऱ्यांनी मात्र ठोकून ठोकून कापूस ठासला. खाटेवरून हे डावा हात हलवत राहिले.

"काय म्हून राहिला बे? अजून भरू?" भासरे हसले. "घरचा कापूस हाये. कंजुषी काहून करू?"

मी पदर घेऊन दाराआड उभी. आमच्यात भासऱ्यांशी बोलत नाहीत. शेजारणीला हळूच म्हटलं, "त्याइले सांगा ना बाई, एवढं ठासू नका म्हना."

ती म्हणाली, "मी नाही सांगत. एवढा पैसा लावला त्या मानसानं, अन् तू खोट काढून राहिली?"

मी आत जाऊन चहा ठेवला.

धरण भरल्यावर नाव पाण्यात घातली. काही दिवस बरी चालली. मग लाकूड फुगलं आणि एका सकाळी बुडाची फळी खिळ्यांसकट उपटून निघाली. शेजारी पोहत काठाला आला. नाव ओढून काढली तर फळ्यांना आतून धरणारे आडवे बांधही मोडलेले. सुतार म्हणाला, आता जाळायच्याच कामाची. हे त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले, जेवले नाहीत. भासरे म्हणाले, लाकूडच सडकं होतं. त्यांना अजून तसंच वाटतं.

खिळे आणि दोन धड फळ्या विकल्या. चांदूर बाजारला संत्री निवडली, मग अमरावतीला एका खानावळीत भांडी घासली. हे पुढच्या थंडीत गेले. मी अकोल्याला थोडेथोडे पैसे पाठवत राहिले.

यंदा शेवटचे घेऊन मी स्वतः गेले. जावेच्या हातात दिले. आतून भासरे म्हणाले, "राहू द्यायचे होते." जावेने मोजले आणि मान हलवली. सगळे फिटले होते.