चौथी पायरी

चाचणीकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी दाबून पाहिली, तिचा मागचा पाय हलवला आणि मगच टेकले. पानातल्या आमटीकडे बघायच्या आधी मला म्हणाले, "या पायाचा स्क्रू महिनाभरात निघेल." निघाला. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं एकच काम केलं होतं. गाड्यांची दारं उघडायची, मिटायची, आपटायची, गोठवायची आणि ती कधी दगा देतात ते बघायचं. खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण मोजपट्टी असायचीच. नाव आम्हीच ठेवलेलं, गल्लीतल्या चार मराठी घरांनी, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

"आधी चाचणी, मग मत," हे त्यांचं पालुपद होतं. मग तो नवा कुकर असो, नवा डॉक्टर असो, की मराठी मंडळाचा नवा अध्यक्ष. अध्यक्षांना ते चार महिने नमस्कारच करत नव्हते.

निवृत्त झाल्यावर काका-काकूंनी नॉर्वेच्या पार उत्तर टोकापर्यंत जायचं ठरवलं, तेही स्वतःचं बिऱ्हाड बरोबर घेऊन. प्रश्न एवढाच होता, की बिऱ्हाड कुठलं. गाडीमागे जोडून ओढायचा वोनवागन, म्हणजे चाकांवरची खोली, की पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवायची कॅम्पर केबिन? काकांचा जीव ट्रकवर. अरुंद घाटात, कच्च्या रस्त्यावर कुठेही घुसतो आणि मागे लटांबर नाही. काकू वोनवागनच्या बाजूने. एक पायरी चढलं की आत, पोळ्या लाटता येतील असा ओटा, शिवाय खोली कॅम्पिंगच्या जागी ठेवून गाडीने गावभर हिंडायला मोकळं. ट्रकवरच्या केबिनला मागून चार उंच पायऱ्या, आणि झोपायचं ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यात. "अहो, मी काय आता या वयात माळ्यावर चढू?" असं त्या चारचौघांत विचारायच्या. अख्खा उन्हाळा हा वाद आम्ही चवीने ऐकला.

ऑगस्टच्या सुमारास काकू एकाएकी गप्प झाल्या. ट्रक तर ट्रक, ते म्हणतील ते, असं म्हणायला लागल्या. मला वाटलं, कंटाळल्या बिचाऱ्या. पण मैदान मोकळं मिळूनही काका काही ठरवेनात. गणपतीच्या जेवणाला मीच सगळ्यांसमोर म्हटलं, की काका, तुमची चाचणी संपेपर्यंत नॉर्वेतला बर्फ वितळून जाईल. सगळे हसले. काकाही हसले. ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे ड्रिल मशीन मागायला गेले. काका तळघरात कपडे धुतायत, असं काकूंनी सांगितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात कपड्यांना हात न लावलेला माणूस आता दर शनिवारी मशीन लावतो, याचं कौतुकही केलं. मी खाली गेले. मशीनमध्ये आवाजापुरते दोन टॉवेल घुमत होते आणि काका एका लाकडी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसले होते. जिना कुठेच जात नव्हता. चार पायऱ्या आणि वर एक फळी. कॅम्पर केबिनच्या पायऱ्यांचं माप घेऊन त्यांनी तो स्वतः बनवला होता.

उजव्या पायातली ताकद जात चालली होती. नसांचा आजार होता. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं होतं, औषध सांगितलं नव्हतं. काकांनी ठरवलं होतं, की ज्या शनिवारी हाताचा आधार न घेता चारही पायऱ्या चढता येतील त्या दिवशी ट्रक बुक करायचा. येणारच नाहीत अशी खात्री पटली, तर वोनवागन.

"आणि काकूंना कधी सांगणार?" मी विचारलं.

"तिला एवढ्यात नको. मी वोनवागन म्हटलं की तिला सगळं कळेल," काका म्हणाले. "आधी चाचणी, मुक्ता. गेनाऊ? बरोबर ना?"

त्या दिवसापासून शनिवारी जमेल तेव्हा मी जाऊ लागले. मी बाजूला उभी राहायची, हात लावायचा नाही अशी ताकीद होती. पहिली पायरी, दुसरी, आणि पाय लटपटत तिसरी. तिथे थांबून ते चौथीकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, आज थंडी आहे, आज झोप झाली नाही, आजचं मोजायचं नाही. कारखान्यात कुठल्याही दाराला दुसरी संधी न देणारा माणूस स्वतःच्या पायाला दर आठवड्याला नवी संधी देत होता. मला त्यांचा राग यायचा. मे महिन्यात मी न राहवून म्हटलं, की वोनवागन घ्या आणि या जूनमध्ये निघा, निदान जाऊन तर याल. "निकाल लागला नाहीये अजून," एवढंच ते म्हणाले. तो उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्यात ते नक्की नॉर्वेला पोचले असते, हे माझ्या मनातून अजून जात नाही. आणि मीही तळघरातून वर आले की काकूंच्या स्वयंपाकघरात उभी राहून त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

फेब्रुवारीत एकदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले असताना काका काठी टेकत आले आणि म्हणाले, "वोनवागन घेऊ या." काकू पोळी भाजत होत्या. "बरं," म्हणाल्या आणि पोळी उलटली.

वोनवागन मेमध्ये आला, तोवर काका चाकाच्या खुर्चीत होते. काकू, मी आणि एक शेजारी, अशा तिघांनी मिळून त्यांना आत नेऊन बसवलं. त्याआधी त्यांनी मला दाराशी थांबवून पायरीची उंची मोजायला लावली. "एकतीस," मी म्हटलं. "कॅटलॉगमध्ये तीस लिहिलंय," ते समाधानाने म्हणाले. काकूंनी नव्या ओट्यावर चहा केला. पाऊण तास ते दोघं आपल्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला, चाकांवरच्या खोलीत समोरासमोर बसले होते. वोनवागन त्या रस्त्यावरून पुढे कधी गेलाच नाही. पुढच्या महिन्यांत काकांचे हात गेले, मग बोलणं गेलं आणि नोव्हेंबरात काका गेले.

यंदा वसंतात काकूंनी घर सोडायचं ठरवलं. वोनवागन विकला. जुनं सामान न्यायला पालिकेची गाडी यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तळघरातला जिना सुटा करायला मला बोलावलं. त्या जिन्याबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी कधीच बोललो नव्हतो. खाली गेल्यावर बोल्ट काढायच्या आधी काय वाटलं कोण जाणे, मी त्यावर चढले. चारही पायऱ्या. वरच्या फळीवर क्षणभर उभी राहिले आणि पाना विसरले म्हणून परत वर आले.

काकू टेबलापाशी बसल्या होत्या.

"चढलीस ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"ते मशीन लावायचे ना, की मी इथे नळ बंद करून कान द्यायची. सुरुवातीला तीन पावलं ऐकू यायची, मग दोन. मी वोनवागनचा हट्ट तसाच धरला असता, तर त्यांना वाटलं असतं, पायाचं कळलंय म्हणूनच म्हणते." त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "दीड वर्ष ऐकत होते गं. चौथी कशी वाजते ते आज पहिल्यांदा ऐकलं."

पाना घेऊन मी खाली गेले, आणि जिना मोडायच्या आधी मशीन चालू केलं. रिकामंच.