जत्रेच्या आधी पोचलेली जत्रा

किस्से गोळा करावे लागत नाहीत. परसात सुपारी पडावी तसे ते आपोआप पडतात. माझ्या बाबतीत नेमके डोक्यावर. कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता आपली फजिती करायला साहेब उरले नाहीत. मग मी व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकलो!

आमचं गाव कट्टा नावाच्या बाजारगावाच्या पुढे. जत्रेला मुंबईहून येणाऱ्यांना गावातल्या घरांत खोल्या मिळाव्यात म्हणून मी वेब ॲप बांधलं. पहिलं घर शेजारच्या फिलोमिनाबाईंचं. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या. माझ्या शब्दावर त्यांनी दोन खोल्या रंगवून घेतल्या आणि बजावलं, "भाऊ, ह्या जत्रेक माणसां इली नाय, तर घराक टाळां घालून मी लेकीकडे मडगावाक जातलंय."

पहिला फॉर्म मी कचेरीच्या सवयीने केला. वडिलांचे नाव, व्यवसाय, येण्याचे प्रयोजन. सगळं भरणं सक्तीचं. लोक यायचे, अर्ध्यात पळायचे.

बाईंनी तो वाचला. "भाऊ, मी खोली देतंय. सोयरीक नाय जमवतंय!"

*

मग टेस्टिंग. ते खोट्या घरावर करायचं असतं, हे मला नंतर कळलं. मी बाईंच्याच दोन्ही खोल्या 'श्री. अ. ब. क., मांसाहारी' या नावाने बुक केल्या, बटण चालतं म्हणून खूश झालो आणि पडी मारली.

बाईंच्या फोनवर मेसेज गेला. दुपारी त्यांचाच फोन. "भाऊ, तुमचे अ. ब. क. खंय पावले? सुरमई थंड होता!"

अ. ब. क. म्हणजे मीच, हे सांगायला जीभ रेटेना. बायकोला घेऊन गेलो आणि पानावर बसलो. बाई दाराकडे बघत वाढत होत्या. बायको हळूच म्हणाली, "जेवा आता गुमान, क साहेब."

घरी येऊन ते बुकिंग काढलं. तोवर ॲप दिवसभर साऱ्या मुंबईला सांगत होतं, 'खोल्या शिल्लक नाहीत.'

*

खरी लाज पुढेच आहे. आमच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात नसते. देव कौल देतो, मग ठरते. आणि माझं ॲप तारखेशिवाय पुढे सरकेना!

देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणाऱ्या बाबीला विचारलं. तो म्हणाला, "देवाक घाई नाय. तुका कित्याक?"

मी तात्पुरती एक जानेवारी टाकली. तात्पुरतं म्हणजे काय, हे मला तरी कळायला हवं होतं. कचेरीतल्या तात्पुरत्या टेबलावरूनच मी निवृत्त झालो होतो.

तारीख तशीच राहिली आणि जत्रेचं बुकिंग सुरू झालं.

*

एक जानेवारीला सकाळी ठाण्याचं एक कुटुंब बाईंच्या दारात उतरलं. गाडीचा आवाज ऐकून मीही शेजारून गेलो. आजी, मुलगा, सून, नातवंडं, नारळ, हार. आजीने पहिलाच प्रश्न विचारला, "जत्रा कुठे भरलीय?"

देवळासमोर एक कुत्रा झोपला होता.

बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग पाहुण्यांना म्हणाल्या, "आधी चाय घेवा. देव खंय पळान जाणा नाय." आणि मला, "बाबीक घेवन येवा!"

बाबी देवळात आला. त्याच्या प्रत्येक मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणायला चार गाववाले गोळा झाले. तो देवासमोर नारळ घेऊन उभा राहिला, मी शेवटच्या खांबाआड, बाई बाहेरच्या पायरीवर.

"बा देवा म्हाराजा! ही लेकरां तुझ्या जत्रेक इली हत. जत्रेची तारीख तू अजून ठरवूक नाय, ती ह्या कारकुनान ठरवल्यान. तरी तेंची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या कारकुनाक बुद्धी दी. ता जमणा नसात, तर तेचो कॉम्प्युटर बंद पाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत खणखणीत आवाज माझ्या बायकोचा.

बाबी थांबला. नारळ कपाळाला लावला.

"आणि आमच्या फिलोमिनाबायच्या घराक टाळां लागा नको रे म्हाराजा!"

आम्ही तोंड उघडायच्या आत बाहेरच्या पायरीवरून एकच आवाज आला, "होय म्हाराजा!"