गढीची पांढरी माती

घर बांधायचं म्हटलं की लोक खुश होतात. मी भ्याले.

बौद्ध धम्म घेऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती, माझ्या लग्नाला एक. नांदगाव खंडेश्वराकडच्या आमच्या गावाच्या कडेला नवऱ्यानं जागा मिळवली, पण सगळी काळी जमीन. काळीवर उभी केलेली भिंत पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. म्हणून बडनेऱ्याच्या रेल्वेतून सुटी मिळाली की तो येऊन पाया खोदायचा. पुरुषभर खाली गेल्यावर कुठं मुरूम लागला. पाया दगडांनी भरून झाला. पण भिंतीला पांढरी माती पाहिजे, आणि ती फक्त गावाबाहेरच्या पडक्या गढीत. ती आणायची बायकांनी, म्हणजे मी आणि सासूनं.

वरवरची माती लोकांनी कधीच नेली होती. चांगली माती आत, म्हणून बायकांनी गढीच्या पोटात बिळं पाडलेली. मी हडकुळी, त्यामुळे पोटावर सरपटत आत मीच जायची. सासू तोंडाशी बसून टोपलं ओढायची. तिची धाकटी जाऊ अशाच बिळात दबून मेली होती. तेव्हापासून सासू कधी आत शिरली नव्हती.

आता गंमत ऐका. घरात ही बाई दिवसभर म्हणायची, "तोंडाले कुलूप लाव न वं!" मी तोंडाळच, खोटं कशाला सांगू. पण गढीवर आलो की सगळं उलटं. "बोलत राय. आवाज आला नाही तं मले कसं समजीन?" मग मी आतून बडबडायची, भाजी खारट झाली, म्हैस आटली, काहीही. कानाशी माती झरायची, जीभ टाळूला चिकटायची, तरी बोलायची.

तिसऱ्या भिंतीची शेवटची माती चालली होती. त्या सकाळी गढीवरच्या चारचौघींसमोर सासू म्हणाली, "आमच्या सुनेचे हात कमी, तोंडच जास्त चालते." माझं डोकंच फिरलं. थांब म्हटलं, दाखवते. बिळात शिरले आणि गप्प बसले.

"बोल वं," बाहेरून आवाज आला. मी गप्प.

"अवं, काहून बोलत नाहीस?" मी गालातल्या गालात हसत होते. मग तिचा आवाज फाटला, आणि थोड्या वेळानं माझ्या पायाला हात लागला. बापरे! एवढ्या जाड अंगाची बाई आत आली होती.

"मी बरी आहो आत्याबाई, मागं सरका!" मी ओरडले. तेवढ्यात तिच्या पाठीवर माती बसली. उजेड गेला.

अंगाखालची माती हातानं मागे ढकलत मी कशीबशी वळले. तिचा हात सापडला, बाकीची बाई मातीखाली. "बोला आत्याबाई! बोला न!" हात गार. मी रडत होते, ओरडत होते, बोंब मारत होते, पण थांबले नाही. थांबले असते तर बाहेरच्या बायकांना कुठं खोदायचं ते कळलं नसतं. किती वेळ गेला देव जाणे. मग मातीतून ती पुटपुटली, "बोलून राहिली न तू? मंग बरं हाय."

बायकांनी कुदळींनी बाजू फोडून दोघींना काढलं. सासूची कंबर कायमची गेली. गढीवर आम्ही पुन्हा गेलो नाही. चौथी भिंत काळ्या मातीची घातली. दरवर्षी उन्हाळ्यात ती फाटते, दरवर्षी मी लिंपते.

त्यानंतर सासूनं मला कधी गप्प केलं नाही. उलट घरात मी जरा वेळ शांत राहिले की बाजेवरून घाबरा आवाज यायचा, "बोल वं, कुठं गेली?" हातातलं टाकून मी सांगायची, "इथंच आहो, आत्याबाई." अकरा वर्षं ती तशी जगली. एवढी तोंडाळ मी, दिवसभर तिच्याशी काय काय बोलले. पण त्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसले होते, हे तेवढं तिला सांगितलं नाही.