बदामाची तिर्री

दीपनगरच्या वीज केंद्रात मी ठेकेदाराकडे वेल्डर होतो. सातवीतच शाळा सुटलेली, गाव लांब कोकणात. तिकडे मुलगी झाली होती; दीड महिना उलटला तरी मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुट्टी मागणारे आम्ही दोघेच, मी आणि चोपड्याकडचे एक वयस्कर वेल्डर. त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांची लेक सणाला माहेरी आलेली. साहेब म्हणाले, एकालाच सोडतो, कोण ते तुम्ही ठरवा.

खानदेशात आखाजीला पत्ते खेळायचेच, त्यामुळे ठरवायचं कसं हा प्रश्न पडला नाही. तीन पत्तीत भाऊंना कुणी हरवत नसे. तुला नुसता खाऊन टाकीन, बरं नाही दिसणार, असं म्हणून त्यांनीच पोकर सुचवला. बोटीवर काम करून आलेल्या एका फिटरने तो आम्हाला शिकवला होता: हातात दोन पानं, मध्ये आधी तीन, मग एकेक अशी पाच उघडी, त्यातून पाच जुळवायची. पानं वाटायला तोच बसला. डाव चिंचोक्यांवर.

शेवटच्या डावात माझं बोलणं, म्हणजे चिंचोके लावणं, शेवटी होतं. हातात बदामाचा एक्का आणि पंजी. मध्ये बदामाची नव्वी, दश्शी आणि किलवरचा गुलाम. अजून एक बदाम आला की पाच बदामांचा माझा रंग. भाऊंनी काही लावलं नाही. शेवटी बोलणाऱ्याने अशा वेळी घाई करू नये, पुढचं पान फुकट पाहावं, हे फिटरचं सांगणं आठवून मीही गप्प. चौकटची दुरी आली. भाऊ पुन्हा गप्प, मीही. मग बदामाची तिर्री पडली आणि भाऊंनी सगळे चिंचोके पुढे ढकलले. मीही ढकलले.

त्यांनी राणी-राजा मांडले. नव्वीपासून राजापर्यंत सलग. तीन पत्तीत सलग पानं रंगाला मारतात, तेच डोक्यात. मी माझी पानं पालथीच टाकायला निघालो.

"थांब भो, दखाड," भाऊ म्हणाले. मी पानं उलटून दाखवली, ती पाहून त्यांनी माझ्याकडे परत सरकवली. "आठे रंग मोठा शे."

फिटरनेही मान डोलावली, पोकरमध्ये रंग सलग पानांच्या वर. तुमची लेक आलीय, मी कसाबसा म्हणालो.

"ती ऱ्हाई पंधरा दिन. तू जाय."

तिसऱ्या दिवशी मुलगी माझ्या मांडीवर होती. भाऊंची लेक तर चार दिवसांतच सासरी गेली होती, हे मला परतल्यावर फिटरकडून कळलं.