जड स्टेअरिंग

उमरग्याला हायवेलगतचा तो मेकॅनिक गाडीशी कानडीत बोलतो आणि माणसांशी मराठीत. त्यातही गाडीशीच जास्त. माझ्या जुन्या पिकअपचं स्टेअरिंग इतकं जड झालं होतं, की वळण आलं की मी सीटवरून अर्धा उठायचो.

त्यानं पुढची चाकं जॅकवर उचलली. चाक ज्या पिनेवर वळतं, तीच गंजून बसली होती. दुपारपर्यंत हातोडा मारूनही हलेना.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या. मला सवय झालीय."

"तुमाला झाली. गाडीला न्हाय." त्यानं गंज सुटायला पिनेवर पुन्हा डिझेल ओतलं, पुन्हा हातोडा उचलला.

संध्याकाळी पिन निघाली. नवी बसवून, ग्रीस भरून त्यानं गाडी जॅकवरून उतरवली आणि गाडीची किल्ली पुसली. मी हात पुढं केला, तर त्यानं ती बाकड्यावर बसलेल्या माझ्या बायकोला दिली.

"वैनी, तुमी फिरवून बघा. जोर असलेल्यानं फिरवलेलं म्या धरत न्हाय."

तिचं लायसन्स सहा वर्षं कपाटात पडून होतं. स्टेअरिंग जड आहे, तुला झेपायचं नाही, असं मीच सांगत आलो होतो.

तिनं दोन बोटांनी स्टेअरिंग फिरवलं, पार टोकापर्यंत. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बसा तिकडून."