पिंजऱ्यातलं लोकार्पण

आमच्या काकीच्या घरामागं ऊस सुरू होतो. त्या उसाच्या बांधावर वनखात्याचा पिंजरा आला, तवा गावात दोन फ्लेक्स लागले. एका गटाचा चौकात, दुसऱ्याचा डेअरीसमोर. दोन्हीवर एकच मजकूर, 'आमच्या पाठपुराव्याला यश', आन् दोन्हीवर त्याच पिंजऱ्याचा फोटो. फोटो एकाच पोरानं काढलेला. दोघांकडनंबी चहा प्याला म्हणे.

खरं तर पिंजरा मागितला व्हता काकीनं. तिची कालवड बिबट्यानं गोठ्यातनं उचलली, तवापासनं ती हापिसात हेलपाटे घालत व्हती. कालवड गेली ती गेली, आता माणूस राहिला पायजे, असं म्हणायची. माणूस म्हंजे माझा काका. शेतीची लाईट आमच्याकडं एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची. रातची पाळी आली की काका बॅटरी घेऊन उसातनं मोटारीवर जातो, आन् काकी पोरीला जवळ घेऊन आतनं कडी लावून बसती. येत्या सोमवारपासनं रातची पाळी व्हती. त्याच्या आत बिबट्या पिंजऱ्यात यावा, एवढंच तिचं मागणं.

पिंजऱ्यात आला मी.

मी राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करतोय, शेवटचं वरीस. पण गावात मला वळखतात ते नकलांसाठी. सरपंच, डेअरीचा चेअरमन, एसटी स्टँडवर गाड्या पुकारणारा, कुणालाच सोडलेलं न्हाई. आमच्या सरांची तर फर्माईश येते. सर नाकात बोलतात: "सार्वजनिक धोरणाचा पह्यला टप्पा कोणता? समस्या वळखणे. लिहून घ्या." मी लिहून घेतलं न्हाई, आवाज तेवढा घेतला.

तर शनिवारी उन्हं कलती झाल्यावर मी फोन दगडाला टेकवला, रेकॉर्डिंग चालू केलं आन् पुढाऱ्याच्या आवाजात सुरू झालो. "माझ्या बंधू-भगिनींनो! इरोधक इचारतात, तुमी काय केलं? हा बघा पिंजरा! आज ह्याचं लोकार्पण माझ्या हस्ते होतंय, हे मी माझं भाग्य समजतो!" आन् फीत कापल्यासारखं करत आत पाऊल टाकलं. भाग्य असं की पाऊल बरोबर फळीवर पडलं. मागं दार धाडकन खाली आलं.

पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात शेळी बांधलेली व्हती. तिनं माझ्याकडं बघितलं आन् पाला खायला लागली.

दार वर वढून बघितलं, हलंना. खटका वाकडा बसला व्हता. फोन बाहेर दगडावर, सगळं नीट रेकॉर्ड करत. मी वरडलो, "काकी! आगं काकी, मी अडकलोय!"

गोठ्यातनं काकीचा आवाज आला, "कुणाचा आवाज हाय ह्यो? न्हाई जमला."

"आगं माझाच हाय!"

"तुझा असा न्हाई."

शेणाचे हात घेऊन ती आली तवा तिला पटलं. आधी मला बघितलं, मंग दाराला. म्हणली, "सोमवारी लाईट हाय रातची. आन् तू काय करतोयस हितं?"

"लोकार्पण," मी म्हणलं. ती हसली न्हाई.

तिनं वनखात्याच्या गार्डला फोन लावला. गार्ड आणे पठारावर व्हता, तिकडं विहिरीत बिबट्या पडलेला. म्हणला, काम उरकलं की येतो, तवर कुणी पिंजऱ्याला हात लावू नका. फोन ठेवंस्तवर निम्मी वाडी गोळा झाली व्हती. फाट्यावरचे वेल्डिंगवाले चाचा ग्राइंडर घेऊनच आले. मागोमाग रिटायर कंडक्टर अण्णा.

चाचा बसून खटका बघत म्हणले, "बेटा, दोन मिनिटाचं काम हाय. वायर आना रे कुनी तरी."

"हात लावायचा न्हाई," अण्णा म्हणले. "सरकारी वस्तू हाय. सरकारचा माणूस येईल, तो उघडंल."

"सरकार तिकडं विहिरीत बघतंय, अण्णा. पोरगं हितं हाय. आपलं आपन केलं तर कुनाच्या बापाचं काय जातं?"

"मंग सगळंच तुमी करा की. रस्ता तुमी करा, दवाखाना तुमी काढा, एसटी तुमी चालवा!"

"चालतंच की जीपचं वडाप! तुमची एसटी येती कधी?"

लोकं हसली. अण्णांना लागलं ते. म्हणले, "वडापवाला म्हाताऱ्याला टपावर बसवतो. एसटी रिकामी असली तरी येती, कारण ती सगळ्यांची हाय."

"येती कुठं, तेच इचारतोय मी!"

सरांनी हेच तीन तास फळ्यावर लिहिलं व्हतं. एका बाजूला कमीत कमी शासन, दुसऱ्या बाजूला कल्याणकारी राज्य. वर्गात मला काय कळलं न्हाई. हितं दोन्ही बाजू गजाच्या पलीकडं हुभ्या राहून भांडत व्हत्या, आन् मधी मी. मला चेव आला. अण्णांना चाचांच्या आवाजात उत्तर दिलं, चाचांना अण्णांच्या. लोकं पोट धरून हसली. कुणी म्हणलं, ह्याला आतच राहू द्या, तिकीट लावू.

मंग ऊन उसाच्या शेंड्यावर गेलं आन् हसणं एकदम कमी झालं. आमच्याकडं ह्या टायमाला कुणी बाहेर थांबत न्हाई. बायांनी पोरांना हाका मारल्या. एकेक जण "गार्ड येईलच राव" म्हणत सटकला. बांध मोकळा झाला तसं ऊस किती जवळ हाय ते मला दिसलं. पात खसखसली. वाराच आसंल. पण शेळीनं खायचं थांबवलं, कान उभे केले, आन् माझ्या तोंडातनं कुणाचाच आवाज निघंना. गज धरून मी हळूच म्हणलं, "चाचा, कापा."

चाचांनी ग्राइंडर उचलला. काकी मधी आली.

"कापला तर दुरुस्तीला नेणार. शेजारच्या वस्तीवरचा पिंजरा दार वाकलं म्हणून नेला, तो परत आला न्हाई. सोमवारी मी काय करू, चाचा?"

चाचा थांबले. काकी माझ्याकडं वळली. "तुला काढू नको म्हणत न्हाई मी. तूबी घरचाच हायस. तू सांग."

काका इतका येळ मागं बांधावर हुभा व्हता. तो म्हणला, "कापा. पोराला काढा आधी. सोमवारचं माझं मी बघंन."

तो 'कापू नका' म्हणला असता तर मी भांडलो असतो.

"थांबू," मी म्हणलं. "गार्ड येऊ द्या."

मंग चौघंबी तिथंच बसले, पिंजऱ्याला पाठ लावून, उसाकडं तोंड करून. बिबट्या आला असता तर सगळ्यात सेफ मीच व्हतो. ही गोष्ट कुणी बोललं न्हाई. एरवी मी बोललो असतो.

अंधार पडता पडता गार्ड मोटरसायकलवर आला, गुडघ्यापर्यंत चिखल. रागावला न्हाई. आकड्याची सळई घालून खटका सोडला, मला हाताला धरून काढलं आन् इचारलं, "किती माणसं आली व्हती हितं?"

"आख्खी वाडी," काकी म्हणली.

"मंग ताई, आता हितं तो फिरकायचा न्हाई. माणसाचा वास, गोंधळ. राजुरीकडनं मागणी हाय, पिंजरा तिकडं हलवतो."

काकी शांतपणे म्हणली, "न्या. पर आमची लाईट दिवसाची करून द्या."

"लाईट माझ्याकडं न्हाई, ताई."

"कुणाकडं हाय?"

"वायरमनला इचारा."

"इचारलं. तो म्हणतो वरनं टाईमटेबल येतं. वरनं म्हंजे कुठनं? तुमच्या हापिसाच्या वर, का त्याच्यापण वर?"

गार्डनं टोपी काढून डोकं पुसलं. अण्णा खाली बघत व्हते, चाचा वायर गुंडाळत व्हते. शेवटी गार्ड म्हणला, आठ दिवस ठेवतो. पण हिकडं कुणी फिरकायचं न्हाई, फोन न्हाई, आवाज न्हाई. आन् माझ्याकडं बोट केलं. "ह्याला तर आजाबात सोडू नका."

म्हणून मी काकीकडंच राहायला गेलो. सोमवारी दिस मावळायच्या आत जेवणं झाली, कडी लागली. टीव्ही बारीक केलेला. शेतीची लाईट आली तशी काकानं बॅटरी घेतली, चप्पल घातली. काकीनं दार उघडलं, त्याला बाहेर सोडलं आन् लगेच लावलं. थोड्या येळानं लांबून मोटारीचा आवाज आला. "पोचले," ती म्हणली. आता परत यायचं राह्यलं व्हतं. कडीवरचा हात तिनं काढला न्हाई.

माझी चुलतबहीण दुसरीत हाय. ती माझ्या कानाशी येऊन म्हणली, "दादा, बारीक आवाजात नक्कल कर ना."

"कुणाची?"

"पप्पांची. 'आलो गं' म्हण."

मी काकीकडं बघितलं. तिनं ऐकलं व्हतं.

"नको," ती म्हणली. "त्यांचा आवाज ऐकला तर मी दार उघडंन."